आंधळं भूत आणि धर्माजीची दुपार

रविवारी दुपारी धर्माजीला फक्त झोप हवी होती. सोमवार ते शनिवार भाईंदर स्टेशन ते उत्तनपुढचं चौक गाव अशी बस चालवायची, म्हणजे कानाला हॉर्न, डोक्याला प्रवासी, आणि उत्तनच्या अरुंद रस्त्यावर समोरून कधी कुणाचा टेम्पो अंगावर येईल ही छातीत धडधड. असा माणूस बांगड्याचं तिखलं आणि भात पोटभर जेवून हॉलमधल्या चटईवर आडवा होतो, तेव्हा त्याला उठवणं म्हणजे पापच. पण पाप करायला बाहेरची माणसं थोडीच लागतात!

"आईऽऽ गं! आला, आला! मेलेऽऽ!"

आतल्या खोलीतून किंकाळी आली आणि धर्माजीने झोपेतच कचकन ब्रेक दाबला. तो ब्रेक नव्हता, पायाशी ठेवलेला पाण्याचा तांब्या होता. चटई भिजली, लेंगा भिजला, आणि झोप उडाली ती उडालीच. धडपडत आत गेला, तर त्याची कॉलेजात जाणारी लेक मनाली लॅपटॉपपुढे बसून खिदळत होती.

"काय झालं? कोण मेलं?"

"मी मेले. गेममध्ये. कसली घाबरले, पप्पा! सॉलिड मजा आली."

"घाबरलीस की मजा आली? एक काय ते बोल."

"घाबरले म्हणून तर मजा आली."

धर्माजी लेंग्याचं टोक पिळत म्हणाला, "अगं, मी रोज घाबरतो त्या वळणावर. त्याला मजा नाय म्हणत, ड्युटी म्हणतात."

"ते खरं असतं ना! हे खोटं खोटं घाबरायचं, मग हसायचं. मस्त हलकं वाटतं."

"मला झोपून उठल्यावर हलकं वाटतं. काढून टाक तो गेम. आत्ताच्या आत्ता."

मनाली बापाचीच लेक. ती म्हणाली, "एकदा खेळून बघा. मजा नाही आली तर मी स्वतः काढून टाकते. गळ्याशप्पथ!"

धर्माजीने विचार केला. घटकाभर बसायचं, तोंड वाकडं करून 'मजा नाय' म्हणायचं, की पुढचे सगळे रविवार आपलेच. तो खुर्चीत बसला आणि तिथेच फसला बिचारा.

खेळ तसा साधा होता. एक बंद पडलेली गिरणी, आत मिट्ट काळोख, आणि काळोखात फिरणारं एक आंधळं भूत. त्याला दिसत नाही, पण कान भलते तिखट. बरं, नुसते गेममधलेच आवाज ऐकतं असंही नाही. लॅपटॉपचा माइक चालू असतो, त्यामुळे घरात खरोखर खुट्ट झालं तरी भूत धावत येतं. शब्द न काढता शेवटचं दार गाठायचं, की जिंकलात.

"म्हणजे गप बसायचं, एवढंच? मग सोपं आहे," धर्माजी म्हणाला.

पहिलंच वळण आलं. पुढचं दिसेना. आता इतकी वर्षं बस चालवलेला माणूस आंधळ्या वळणावर काय करणार? हाताशी हॉर्न नव्हता, म्हणून तो तोंडातून निघाला. "पोंऽऽ! पोंऽऽ!"

भूत धावत आलं. पडदा लाल झाला.

"पप्पा, हॉर्न काय वाजवताय!"

"मग वळणावर काय करू? समोरून कोण आलं म्हणजे?"

"समोरून तेच येणारे, पप्पा!"

दुसऱ्या वेळी धर्माजीने ओठ दातांखाली धरले आणि दोन वळणं बिनबोभाट पार केली. तेवढ्यात स्वयंपाकघरात, त्याच्या बायकोने, सुलूने संध्याकाळच्या उसळीसाठी लावलेल्या कुकरने सणसणीत शिट्टी मारली. पडदा लाल.

"सुले, गॅस बंद कर!"

"अहो, वाटाणे कच्चे राहतील!"

"राहू दे कच्चे! हितं मी मरतोय!"

तिसऱ्या वेळी दाराची बेल वाजली आणि पडदा पुन्हा लाल. शेजारच्या फ्लॅटमधल्या डॉरिस होत्या. माहेर-सासर दोन्ही उत्तनचं, आवाज समुद्रावरचा. त्या थेट आतल्या खोलीतच आल्या.

"भाव, काय चाललंय काय? आधी पोरगी वरडली, मग बसचा हॉर्न. तिसऱ्या मजल्यावर बस कशी येल? माझा जीव थाऱ्यावर न्हाय."

"गेम आहे, आंटी," मनाली म्हणाली. "बसा, पण एकदम गप्प बसा."

डॉरिस पलंगावर बसल्या. खरं तर 'मजा नाय' म्हणून उठायची हीच वेळ होती. पण भुताने कुकरच्या शिट्टीवर मारावं, हे धर्माजीला फार लागलं होतं. "एक डाव फक्त," तो म्हणाला.

या डावात तो बराच आत गेला. काळोख दाटला. आणि अचानक समोर, अगदी नाकासमोर, ते उभं! हलत नव्हतं. नुसतं श्वास घेत होतं. धर्माजीच्या अंगावर सरसरून काटा आला. अशा वेळी राजापूरकडच्या माणसाला एकच गोष्ट सुचते. त्याने हात जोडले आणि पालखीपुढे घालावं तसं खड्या आवाजात गाऱ्हाणं घातलं.

"बा देवा म्हाराजाऽऽ! आज ह्या काळोखात जो कोण आडवो इलो असात, तेका आल्या वाटेन परत धाड रे म्हाराजाऽऽ!"

"व्हय म्हाराजाऽऽ!" स्वयंपाकघरातून सुलू ओरडली. काय झालंय, कुणाला झालंय, तिला काही ठाऊक नव्हतं. पण गाऱ्हाणं कानावर पडल्यावर गप्प राहायची सवय तिच्या अख्ख्या खानदानात कुणाला नव्हती.

भुताला एकाच वेळी दोन आवाज मिळाले. ते असं काही किंचाळत आलं की धर्माजी खुर्चीसकट मागे आडवा झाला. डॉरिसनी छातीवर क्रूस केला. सुलू कणकेच्या हाताने धावत आली, "अहो, नारळाशिवाय गाऱ्हाणं कसं घातलंत?" म्हणून विचारू लागली. आणि जमिनीवर पडल्या पडल्या धर्माजीला हसू फुटलं. पोट दुखेपर्यंत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत तो हसला. आठवड्याची सगळी धडधड कुठल्या कुठे गेली. त्याला हलकं वाटलं, अगदी मनाली म्हणाली होती तस्सं. पण हे पोरीला सांगेल तो बाप कसला!

"मजा बिजा काय नाय," तो डोळे पुसत म्हणाला. "काढून टाक."

"काढतेय कशी!" सुलू कडाडली. "माझ्या नवऱ्याला पाडलंन मेल्यानं. मी बघते त्याच्याकडे."

"आनि मी काय उगाच बसलंय?" डॉरिस म्हणाल्या.

सुलूने ताबा घेतला. कुकर बंद. फोन बंद. करकरणारा पंखा बंद, बेलचं बटण बंद, खिडक्या लावल्या. माउस मनालीच्या हाती, आणि तिघी श्वास रोखून पडद्याला चिकटल्या.

धर्माजीने कान टवकारले. शिट्टी नाही. रिंग नाही. बायकोची हाक नाही. या घरात इतकी शांतता त्याने लग्न झाल्यापासून ऐकली नव्हती. त्याला तर भुताच्या पायाच पडावंसं वाटलं.

"मनाली," डाव सुरू व्हायच्या आत तो हळूच म्हणाला, "नको काढू गं. दर रविवारी खेळा." आणि हॉलमधली चटई ओढून आणून, तिची कोरडी बाजू बघून तो दारातच आडवा झाला. डोळे मिटले. आहाहा!

"घुर्रर्रऽऽ!"

"पप्पाऽऽ!" "अहोऽऽ!" "भावऽऽ!"

धर्माजी ताडकन उठून बसला. पडदा लाल होता आणि तीन चेहरे त्याहून लाल होते.

"शेवटच्या दाराशी होतो आम्ही!" मनालीला रडू यायचं बाकी होतं. "तुम्ही घोरलात!"

"मग मी डॉरिसबाईंकडे जाऊन झोपतो," धर्माजी गयावया करत म्हणाला.

"काय उपेग न्हाय, भाव," डॉरिस म्हणाल्या. "तुमचं घोरनं भिंतीतनं रोज आयकतंय मी."

सुलूने स्टूल आणलं, भिंतीशी ठेवलं आणि बोट दाखवलं. धर्माजी त्यावर ताठ बसला. गेम पुन्हा सुरू झाला. बाहेर अख्खं भाईंदर जेवून झोपलं होतं. घरात टाचणी पडली तरी ऐकू आली असती, आणि धर्माजी टक्क जागा होता.

मनालीने मान वळवून भुवया उडवल्या. काय पप्पा, मजा येतेय ना?

धर्माजीकडे याचं चांगलं लांबलचक उत्तर होतं. त्याने तोंड उघडलं, आणि तिघींनी एकदम ओठांवर बोट ठेवलं.