अजून तापतो आहे

अ‍ॅम्प्लिफायर अजून तापतो आहे, तो पुरता तापेपर्यंत स्टँडबायच्या खटक्याला हात लावायचा नाही, आणि का ते विचारायचं नाही, हा नियम केतकी भारंबेला कळायला लागल्यापासून पाठ होता. अ‍ॅम्प्लिफायर तिच्या जन्माच्या आधीपासून तापत होता.

तो भुसावळच्या झंकार ऑर्केस्ट्राचा. रेल्वेतले एक गार्डसाहेब नोकरी संपवून कायमचे ऑस्ट्रेलियाला निघाले, तेव्हा आपला गिटारचा अ‍ॅम्प्लिफायर ऑर्केस्ट्राला देऊन गेले. जुन्या रेडिओत असत तसे काचेचे व्हॉल्व्ह आणि समोर दोन खटके. एक मेनचा, एक स्टँडबायचा. फलाटावर निरोप घेताना साहेबांनी सांगितलं की आधी मेनचा खटका वर करा, व्हॉल्व्ह जरा तापू द्या, मग स्टँडबायचा वर करा, की आवाज येईल. जरा म्हणजे किती, हे कुणीतरी विचारणारच होतं, पण तेवढ्यात गाडी सुटली.

ज्येष्ठांनी बैठक घेतली आणि सावधगिरीचा मार्ग स्वीकारला. मेनचा खटका वर केला. व्हॉल्व्हच्या पोटात नारिंगी उजेड पडला. स्टँडबायचा खटका खाली होता तो खालीच राहिला.

तेव्हापासून झंकारचे कार्यक्रम अखंड चालू होते. पडदा उघडायचा. वादक वाद्यं घेऊन बसलेले असायचे, गायिका मालिनीताई सरोदे रेशमी साडीत माइकसमोर उभ्या असायच्या, सगळ्या वायरी अ‍ॅम्प्लिफायरला जोडलेल्या असायच्या, आणि अ‍ॅम्प्लिफायर तापत असायचा. तो तापेपर्यंत वेळ जावा म्हणून ज्येष्ठ बोलायचे. दीपप्रज्वलन, पाहुण्यांची ओळख, पाहुण्यांचं मनोगत, मनोगताबद्दल आभार. त्यांना माइक लागत नसे. मग पडदा पडायचा आणि लोक टाळ्या वाजवायचे. एका ढोलकीवाल्याने एकदा मध्येच थाप मारली होती. तो आता जळगावला असतो.

कार्यक्रम मे महिन्यात होत. भुसावळचा मे, पत्र्याचा हॉल आणि त्यात हा. लोक रुमालाने मान पुसत आणि शेजाऱ्याला म्हणत, "यंदा चांगला तापलाय हो." स्थानिक वर्तमानपत्राने एका वर्षी लिहिलं होतं की ऊब गतवर्षीपेक्षा परिपक्व होती, तरी उत्तरार्धात किंचित रेंगाळली. भारनियमनासाठी वेगळा जनरेटर होता. एकदा तोही बंद पडला आणि व्हॉल्व्ह गार झाले, तेव्हा तापणं पहिल्यापासून मोजावं लागलं. अध्यक्ष अप्पा फालकांनी त्यानंतर बरेच दिवस पायात चप्पल घातली नाही.

केतकीचे वडील दिगंबर भारंबे तरुणपणी एका संध्याकाळी गिटार वाजवायला म्हणून झंकारमध्ये आले होते. अप्पा त्यांना म्हणाले, "बस जरा." ते खटक्याजवळच्या स्टुलावर बसले. ते वाजवायला आले होते हे पुढे कुणाच्या लक्षात राहिलं नाही आणि ते खटक्याचे राखणदार झाले. गिटार स्टुलामागच्या खिळ्याला टांगली गेली. मुलगी मोठी झाल्यावर त्यांनी ती उतरवून तिला शिकवलं. अ‍ॅम्प्लिफायरविना ती गिटार उशीजवळच्या डासाइतकी वाजायची. घरात पंखा चालू असला की तेवढीही नाही.

केतकी पुण्याहून इलेक्ट्रॉनिक्स शिकून परतली त्या वर्षी दिगंबररावांच्या कंबरेने स्टूल नको म्हटलं. वार्षिक कार्यक्रमात ते पद मुलीकडे द्यायचं ठरलं. म्हणजे गिटार पुन्हा खिळ्याला आणि केतकी जन्मभर स्टुलावर. हे सांगायला अप्पांनी तिला आपल्या ओट्यावर बोलावलं. सचिव राणेनाना शेजारी पान लावत बसले होते.

"अप्पा, व्हॉल्व्ह अर्ध्या मिनिटात तापतो," केतकी म्हणाली.

"कुणाचा?"

"कुणाचाही."

"पुण्याकडचे हलके असतील. आमचा खानदानी आहे."

"आणि गिटारच्या अ‍ॅम्प्लिफायरला तो खटका खरं म्हणजे लागतही नाही. रेडिओ स्टेशनच्या मोठ्या यंत्रांना लागतो, ते बघून इथे बसवलाय. उलट व्हॉल्व्ह तापवून, काम न देता नुसता बसवून ठेवला, की आतून मरत जातो. उजेड दिसतो, ताकद जाते."

राणेनानांनी पानाला चुना लावता लावता विचारलं, "म्हणजे आम्ही घाई करायला हवी होती, असं तुझं म्हणणं?"

"हो."

"बघा अप्पा. मी म्हटलं होतं, पोरीला पुण्याला पाठवू नका. घाई शिकून येईल."

"तापमान कधी मोजलंत का तुम्ही? निदान हात लावून?"

"हात लावायचा नाही असा नियम आहे," अप्पा शांतपणे म्हणाले. "बेटा, आम्ही इतकी वर्षं थांबलो. आता जर तो अर्ध्या मिनिटात तापत होता असं निघालं, तर आम्ही काय करत होतो?"

"तेच विचारतेय."

"मोठ्यांशी असं बोलू नये गं," दारात उभे असलेले दिगंबरराव पुटपुटले.

केतकी त्यांच्याकडे वळली. "पप्पा, तुम्ही त्या संध्याकाळी कोणतं गाणं वाजवणार होतात?"

दिगंबररावांनी आठवून पाहिलं. "गाणं नाही आठवत," ते म्हणाले. "बोटांना आठवतं बहुतेक."

अप्पांनी या उत्तराची योग्य ती दखल घेऊन चहा मागवला.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी हॉल भरला. मालिनीताई माइकसमोर उभ्या राहिल्या. त्यांचा वरचा षड्ज वाट पाहता पाहता मागेच गेला होता, पण साडी नवी होती. राणेनानांनी शपथ वाचून दाखवली. "मी घाई करणार नाही. कुणाला करू देणार नाही. जरा म्हणजे किती, हे विचारणार नाही." अप्पा शाल उलगडून पुढे आले. केतकी गिटार घेऊन उभी होती. ती आता खिळ्याकडे जाईल म्हणून सगळ्यांनी टाळ्यांसाठी हात वर केले.

ती अ‍ॅम्प्लिफायरकडे गेली. स्पीकरची वायर घट्ट आहे ना ते मागून पाहिलं, गिटारची पिन आत खोचली, आवाजाचं बटण शेवटपर्यंत फिरवलं आणि स्टँडबायचा खटका वर केला.

स्पीकरमध्ये टक् झालं. पुढच्या रांगेतल्या दोन सत्कारमूर्तींनी नारळ डोक्यावर धरले.

केतकीने तारा छेडल्या. आवाज आला. पलीकडच्या फलाटावर कुणीतरी पाठमोरं उभं राहून गुणगुणावं, इतकाच.

"बघितलंस?" अप्पांचा चेहरा उजळला. "बघितलंत मंडळी? तापलेला नाही! अजून तापलेला नाही!"

हॉलने सुटकेचा श्वास सोडला. ज्येष्ठ एकदम बोलू लागले. कुणी सांगत होतं की ही तरुण पिढीला शिकवण आहे, कुणी सांगत होतं की आपणच अंदाज बांधला होता, आणि पाहुण्यांनी तर पुन्हा मनोगत सुरू केलं. राणेनाना जवळ येऊन मायेने म्हणाले, "खटका खाली कर, बाळ. झालं ते झालंच नाही असं धरू. शपथ घे, शाल घे, आणि बस."

"तो मेलाय, नाना. तुम्ही बसवून बसवून मारलात. जेवढा उरलाय तेवढा वाजतोय."

"म्हणून तर म्हणतो, आणखी तापू दे. जराच."

"नाही," केतकी म्हणाली. "खाली करणार नाही."

आणि तिने वाजवायला घेतलं.

अप्पा बोलत राहिले. नियमाचं महत्त्व, गार्डसाहेबांचा विश्वास, संस्थेची वाटचाल. गिटारचा आवाज त्या बोलण्याखाली पार दबून गेला. मग मधल्या रांगेतून एक बाई उठल्या. "अहो अप्पा, काहीतरी वाजतंय ना तिथे. ऐकू येत नाहीये तुमच्यामुळे."

असं झंकारमध्ये कधी कुणी म्हटलं नव्हतं, त्यामुळे त्यावर नियमही नव्हता. पाहुणे आधी थांबले. मग सत्कारमूर्तींनी नारळ खाली घेतले. राणेनानांनी तोंडातलं पान चावायचं थांबवलं, कारण तेही ऐकू येत होतं. कुणीतरी उठून पंखे बंद केले. भुसावळात, मे महिन्यात.

दिगंबररावांनी स्टूल ओढून स्पीकरला कान लावला. त्यांची डाव्या हाताची बोटं गुडघ्यावर चालू लागली होती, केतकीच्या बोटांच्या किंचित पुढे.

अप्पा शालीचं टोक धरून उभे होते. "या मंगल प्रसंगी," ते म्हणाले. नंतर पुढे काही म्हणाले नाहीत.