शाईचं बोट

विमला गेली पाच वर्षं अठरा वर्षांची होती. तिची आई नर्मदा हे वय आल्यागेल्याला सांगे, आणि ठेवणीतल्या लुगड्यासारखं घडी घालून पुन्हा पेटीत ठेवून देई. आधी पत्रिकेतला मंगळ आडवा आला, मग वडिलांचं, गुरुदासांचं, दुखणं. स्थळं आली, पोहे खाऊन गेली. आता वैभववाडीकडचा एक मुलगा सांगून आला होता. नाव शंकर, मुंबईला गोदीत कारकून. त्याच्या आईची अट एकच होती, मुलीला विसावं लागलेलं नको. शुक्रवारी माणसं बघायला येणार होती. त्याआधीच्या सोमवारी बासष्टची निवडणूक आहे, ही गोष्ट नर्मदेला कःपदार्थ वाटत होती.

पण सोमवारी सकाळी शेजारचा बाळा दारात उभा राहिला. बाळा रोज पेपर वाची, आणि वाचून झाल्यावर त्यात नसलेल्या बातम्या सांगे.

"काकी, मत दिलास काय?"

"चुलीर भात आसा माझो. मत कसला देतंय!"

"मगे रेशनचा कार्ड गेला म्हणान समज. बोटार शाई नाय, तेका साखर नाय. घरातल्या सगळ्यांच्या बोटार व्हयी."

"असा काय नसता गो. तो कायतरी बरळता," पडवीतून गुरुदास म्हणाले. पण तोवर नर्मदेने भात उतरवला होता आणि विमलाच्या दंडाला धरून ती शाळेच्या वाटेला लागली होती.

शाळेत बायकांची रांग पडवीबाहेर गेली होती. विमलाचा नंबर आला. टेबलामागच्या कारकुनाने वाचलं, "विमला गुरुदास हडकर. वय तेवीस."

"अठरा!" नर्मदा बोलून गेली. पाच वर्षांची सवय ती, जिभेला काय ठाऊक कुठे थांबायचं?

कोपऱ्यात बसलेला उमेदवाराचा माणूस ताडकन उठला. "अठरा? मगे माझी हरकत आसा!"

मतदानावर नेमलेल्या साहेबांनी चष्मा वर केला. "बाई, एकवीस पुरी झाल्याशिवाय मत देता येत नाही. मुलीचं वय नक्की किती?"

वयाची अट नर्मदेला आत्ता कळत होती. एका बाजूला जावई, दुसऱ्या बाजूला साखर. आणि साखरच गेली तर जावयाला चहा तरी कसा करायचा? ती टेबलावर वाकली.

"साहेब, तेवीस. पण हळू लिवा."

"लिहायचं नाही बाई, हरकत घेणाऱ्याला ऐकू जायला हवं," साहेब म्हणाले, आणि खणखणीत आवाजात सांगून टाकलं, "तेवीस!"

माडांच्या शेंड्यांवरून वारा जावा तसा तो आकडा रांगेवरून सळसळत गेला. विमला मात्र पडद्याआड गेली ती उजळ चेहऱ्याने बाहेर आली. डाव्या हाताचं बोट तिने दिव्याच्या वातीसारखं उभं धरलं होतं. संध्याकाळी वाडीतल्या पोरींची फुगडी रंगली:

*शाळेच्या पडवीत शाई गो सांडली,*
*अठराची विमला तेविसान मांडली!*

"म्हणू देत," नर्मदा स्वतःला समजावत म्हणाली. "वैभववाडी खंय, आमी खंय. गाण्याक काय एस्टी मेळणा नाय."

"गाण्याचा सोड, काकी. बोटाचा काय?" बाळा पुन्हा दारात होता. "शाईचा बोट म्हणजे एकविसाच्या वरची. सरकारी शिक्कोच तो."

"रे मेल्या, ह्या सकाळी सांगूक काय झाला हुता?"

"तू वयाचा इचारलस खंय? रेशनचीच भीती तुका."

"धुतल्यार जातली ती."

"खंयची जाता! पुढच्या मतदानापर्यंत टिकता. पाच वर्षां."

नर्मदेने विमलाचं बोट उजेडात ओढलं. "पाच वर्षां? मगे ती अठ्ठावीस जातली गो बाये!"

मग त्या एका बोटावर घरातला सगळा मुदपाकखाना चालून गेला. चिंच झाली, राख झाली, कोकमाचं आगळ झालं. रॉकेलचा बोळा फिरवला. तांब्याची कळशी लखलखली असती, पण शाई अधिकच काळीभोर झाली. विमला म्हणाली, "आये, ऱ्हवांदे गो आता." पण आईच्या डोळ्यांत शुक्रवार उभा होता. मंगळवारी तिने घरामागच्या परड्यातला ओला काजू फोडला आणि सालीचं तेल त्या बोटाला चोळलं. विमलाची किंकाळी बंदरापर्यंत गेली. बोटाला टरटरून फोड आला. गुरुवारी कातडं सुटलं, त्याबरोबर शाईही गेली. खाली उरली पांढुरकी, लालसर, ओली जखम, आणि वर तेवढं नख काळं.

"झाला मा मनासारख्या?" गुरुदासांनी विचारलं. नर्मदा जुन्या धोतराची चिंधी फाडत बसली.

शुक्रवारी दुपारी पाहुणे आले. शंकर, त्याची आई राधाबाई आणि मामा दाजी. विमलाने पोह्यांच्या बशा ठेवल्या. सगळ्यांची नजर चेहऱ्यावरून घसरत चिंधीवर गेली.

"बोटाक काय झाला गो?" राधाबाईंनी विचारलं.

"नारळ खवताना आडाळो लागलो," नर्मदा म्हणाली.

"भाजला," त्याच क्षणी गुरुदास म्हणाले.

राधाबाईंनी दोघांकडे पाहिलं, आणि विमलाचा हात ओढून चिंधी सोडली. पांढुरकी कातडी आणि काळं नख बघताच त्यांनी हात टाकला.

"दाजी! ह्या कोड काय रे?"

"कोड बरा म्हणूची पाळी," दाजीमामा पुटपुटले, आणि त्यांनी पोह्यांची बशी हळूच दूर सारली. "ह्यो मोठो रोग दिसता. उठा."

नर्मदा दाराला आडवी झाली. रोग म्हणावं तर हे लग्न गेलं, आणि पुढची सगळीच गेली. खरं सांगावं, तर वय गेलं. तिने छातीवर हात मारून घेतला. "रोग नाय हो! काजूचा तेल लावलंय! शाई काढूक!"

"कसली शाई?"

"मताची," नर्मदा म्हणाली, आणि तिचा आवाज आडात पडलेल्या पोहऱ्यासारखा खाली खाली गेला.

दाजीमामा बोटांवर वर्षं मोजू लागले. त्यांचा हिशेब पुरा होण्याआधीच विमला म्हणाली, "मी तेवीस वर्षांची आसंय." पाच वर्षांत तिने आपलं वय स्वतःच्या तोंडाने पहिल्यांदा सांगितलं. मग शंकरकडे सरळ बघून विचारलं, "तुमचा काय वय?"

"सव्वीस," राधाबाई म्हणाल्या.

शंकरने त्या सोललेल्या बोटाकडे पाहिलं. "छत्तीस," तो म्हणाला.

"अरे मेल्या!" राधाबाई.

"छत्तीस?" नर्मदा उसळली. "आमच्या अठरा वर्षांच्या चेडवाक छत्तिसाचो घोव?"

पाहुणे चपला घालून तडक निघाले आणि तसेच परत आले. तळेऱ्याकडची शेवटची एस्टी गेली होती. आता सकाळशिवाय गाडी नव्हती.

भांडण झालं म्हणून पाहुण्याला उपाशी ठेवता येत नाही. नर्मदेने बांगड्यांचं तिखलं चुलीवर चढवलं. राधाबाई काही वेळ दाराशी घुटमळल्या, मग आडाळ्यावर बसून आपणहून नारळ खवू लागल्या.

"तुझा खरा वय किती गो?" त्यांनी विचारलं.

"कोणाक ठावक! त्या दिवशी कारकुनान पंचेचाळीस वाचल्यान, मी हो म्हटलंय."

"माका बेचाळीस लिवल्यानी. आता माझो झील छत्तीस म्हटल्यार..." राधाबाई थांबल्या. दोघींनाही हसू आलं, आणि हसता हसता नर्मदेने पदर डोळ्यांना लावला. "तुझ्या झिलाक आता सगळे थोराड म्हणतले. माझ्या चेडवाक निबार. माझा तर डोक्याच चलना नाय."

"वैशाखात मुहूर्त आसा," राधाबाई नारळावरची नजर न उचलता म्हणाल्या. "तवसर कातडा भरान येयत."

"माका कोणी इचारल्यानी नाय," दारातून विमला म्हणाली.

खवलेल्या नारळानेच तोंड उघडावं तशा दोघी दचकल्या. "अगो, तुका काय इचारूचा तेच्यात?"

"सरकारान इचारल्यान माका. पडदो लावन इचारल्यान."

ती मागच्या दाराने बाहेर गेली. परड्यात काजूखाली शंकर एकटा उभा होता. खिडकीतून दोघी आयांना एवढंच दिसलं की विमला काहीतरी थोडंसंच बोलली, आणि त्याने डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

विमला आत आली आणि पानं मांडू लागली.

"काय सांगितलंस गो तेका?" नर्मदा रडकुंडीला आली. "हो की नाय?"

"ता सांगूचा नसता," विमला म्हणाली.

नर्मदेने कपाळाला हात लावला. चुलीवर तिखलं करपू लागलं तरी तिला भान नव्हतं. तेवढ्यात परड्यातून बावीची कप्पी करकरली. पाहुणा घरच्यासारखं पाणी काढतोय की काय, ते बघायला दोघी एकदमच उठल्या.