चारास तीन

जेवणं झाल्यावर पाहुण्यांना वास्तुशांतीची फिल्म दाखवावी असं मी ठरवलं, तिथंच चुकलं. खरं तर सुपारी द्यायची, एसटीची वेळ सांगायची आणि सगळे गेल्यावर जरा लवंडायचं, एवढंच माझ्या वाट्याचं काम होतं. पण त्या दिवशी पुष्पावतीचं, म्हणजे माझ्या बायकोचं, वर्षश्राद्ध होतं. कोपरगावाकडून तिची थोरली बहीण लंकाबाई, म्हणजे आमच्या आक्का, आणि त्यांचे यजमान सूर्यभान आले होते. आक्का सकाळपासून भिंतीवरच्या फोटोकडे बघून एकच वाक्य बोलत होत्या, "फोटो काय करायचा? चालती-बोलती दिसाया पायजे हुती."

चालती-बोलती पुष्पा आता एकाच ठिकाणी उरली होती. सावेडीतल्या या घराच्या वास्तुशांतीची जुनी व्हिडिओ कॅसेट. (त्यानंतर तिने कोणाला शूटिंग करू दिलं नाही. समोरच्याने मोबाईल उगारला की ती भाजी बघायला म्हणून आत जायची. कधी कधी भाजी नसायचीच.) ती कॅसेट मी एका दुकानातून पेनड्राइव्हवर उतरवून घेतली होती. उतरवताना फीत तुटली. दुकानदाराने तिचा गुंता पिशवीत भरून परत दिला आणि म्हणाला, "सर, आता जे काही आहे ते या पेनड्राइव्हमध्ये आहे. जपा." मी जपला. म्हणजे त्या पिशवीसकट देव्हाऱ्यात ठेवला.

टीव्ही नवा होता. मुलीने, सुकन्याने, पुण्याहून पाठवलेला. आमच्या हॉलला थोडा मोठाच झालेला. तिचं बाळंतपण जवळ आल्यामुळे ती आज येऊ शकली नव्हती, पण फोनवर बजावलं होतं, "बाबा, सेटिंगला हात लावू नका." मी गणिताचा शिक्षक आहे. गुणोत्तर आणि प्रमाण हा धडा मी झोपेत शिकवू शकतो. (विद्यार्थी तो झोपेतच शिकतात.) असल्या सूचना मी मनावर घेत नाही.

फिल्म सुरू झाली. मागे सनई. मांडव दिसला, तोरण दिसलं आणि दारात पुष्पा उभी राहिली. शेजारी मी. ती मुळात माझ्याहून चार बोटं उंच, त्यात ती उंबरठ्यावर आणि मी खालच्या पायरीवर. मी चष्मा पुसायला काढला, तेवढ्यात आक्का म्हणाल्या, "दाजी, ह्ये दोनी बाजूंना काळं काय लावलंय?"

चित्राच्या डाव्या-उजव्या बाजूला खरंच दोन रुंद काळे पट्टे होते.

"टीव्ही लांबट असतो ना, आक्का."

"पेपरात मेलेल्याच्या फोटूला असती तसली किनार हाय ती. वास्तुशांतीच्या दिवशी माज्या भईनीला काळ्या चौकटीत बसवू नका."

मी रिमोट घेतला. शेजारचे भागवत लगेच खुर्ची पुढे ओढून बसले. भागवत विम्याच्या कचेरीतून निवृत्त झाले आहेत आणि त्यांना सर्व यंत्रांचं सामान्य ज्ञान आहे. (विशेष ज्ञान कशाचंच नाही.)

"सर, याचा अर्थ तुमचा टीव्ही पाऊणच चालतोय," ते म्हणाले. "पूर्ण चालू करून घ्या."

आम्ही सेटिंगमध्ये शिरलो. 'पिक्चर'च्या आत 'स्क्रीन', त्याच्या आत आणखी काही. भागवत म्हणाले ते मी दाबलं. काळे पट्टे गेले. चित्र या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पसरलं, आणि चित्रातली माणसंही पसरली.

"ही कोन?" आक्कांनी विचारलं.

"पुष्पा."

"पुष्पा काठीवानी हुती. ही तर माजी नणंद दिसती."

मला तिच्या हातातली थाळी खुपत होती. पूजेची थाळी गोल असते. ही अंड्यासारखी दिसत होती. पण सूर्यभान मात्र खूश झाले. हे गृहस्थ इतके सडपातळ आहेत की अंगातला शर्ट अजून हँगरवरच आहे असं वाटतं. पडद्यावर ते बुंदीची परात घेऊन चालले होते आणि आखाड्यातून नुकतेच आल्यासारखे दिसत होते.

"ऱ्हाऊ द्या की असंच," ते म्हणाले. "बरं दिसतंय."

"तुमचं बरं दिसाया जमलोय व्हय आपून?" आक्का म्हणाल्या, आणि सूर्यभान पुन्हा बारीक झाले.

"झूम करा," भागवतांनी सल्ला दिला. "झूममध्ये पट्टेही जातात आणि जाडीही जाते."

मी झूम केलं. टीव्हीने 'सेव्ह?' असं विचारलं. भागवत म्हणाले, "हो म्हणा, नाहीतर पट्टे परत येतील." मी हो म्हटलं आणि फिल्म पुन्हा पहिल्यापासून लावली.

पट्टे गेले. जाडीही गेली. पडदा काठोकाठ भरला. दारात मी उभा होतो, अगदी भांगासकट. शेजारी जांभळी साडी, मंगळसूत्र, हनुवटी. आणि हनुवटीच्या वर टीव्ही संपला होता.

"दाजी," आक्का हळू आवाजात म्हणाल्या, "तुमी समदे दिसताय. पुष्पाचं तोंड कुटं गेलं?"

मी भागवतांकडे पाहिलं. भागवतांनी माझ्याकडे पाहिलं.

"तुम्ही सेव्ह केलंत का?" त्यांनी विचारलं.

"तुम्हीच सांगितलंत."

"मी टीव्हीत सेव्ह करायला सांगितलं. पेनड्राइव्हवर झालं असेल तर अवघड आहे. कॉम्प्युटरवर फोटो कापून सेव्ह केला की वरचा भाग जातो तो जातोच, सर."

मी फिल्म तिथंच थांबवली आणि बटणं दाबत सुटलो. एकदा सगळे निळे झाले, एकदा टीव्ही हिंदीत बोलायला लागला, पण हनुवटीच्या वर काही येईना. सुकन्याला फोन लावावा म्हटलं तर तिला या दिवसांत ही बातमी कशी द्यायची? देव्हाऱ्यात फितीची पिशवी होती, पण तिच्यात नुसता गुंता होता. पुष्पा गेली त्या वेळी माझ्या हातात काही नव्हतं. या वेळी रिमोट माझ्याच हातात होता.

आक्का पुन्हा भिंतीवरच्या फोटोकडे बघायला लागल्या.

शेवटी मी नुसता पडद्यावरच्या यादीकडे बघत राहिलो. तिथं एका ओळीत १६:९ लिहिलं होतं आणि तिच्याखाली ४:३. मधे दोन टिंबं. इतकी वर्षं फळ्यावर मी हीच दोन टिंबं काढत आलो, आणि घरच्या भिंतीवर मला ती घड्याळातली वेळ वाटली होती.

मी कपाटातून फूटपट्टी आणून टीव्ही मोजायला घेतला.

"सरांना बसवा कोणीतरी," भागवत म्हणाले.

पण हिशेब जमत होता. टीव्ही सोळास नऊ. जुनी फिल्म चारास तीन, म्हणजेच सोळास बारा. फिल्म सोळा भाग रुंद केली तर तिला बारा भाग उंची लागणार, आणि टीव्हीकडे आहेत नऊच. उरलेले तीन भाग वर-खाली बाहेर जाणार. वरच्या भागात पुष्पाचा चेहरा होता. तो कापला गेला नव्हता. मावत नव्हता.

हे मी उत्साहाने समजावून सांगितलं. सूर्यभानांना जांभई आली. (वर्गाची आठवण झाली.) मग मी चहाचा लांबट ट्रे आणला आणि त्यात पुरणपोळी ठेवली.

"आक्का, पोळी गोल, ट्रे लांबट. दोन्हीकडे मोकळी जागा दिसते, ते काळे पट्टे. ती भरायला पोळी नुसती आडवी ताणली, तर तिचा आकार बिघडला. आणि दोन्ही कडांना टेकेल एवढी मोठी लाटली, तर?"

"वर-खाली लोंबंल की."

"पुष्पाचं तोंड लोंबतंय."

आक्कांनी ट्रे जवळ ओढला. "मंग पोळी हाय तेवढीच ऱ्हाऊ द्या ना. ट्रे रिकामा दिसला तर दिसू द्या."

"मी मघापासून तेच म्हणतोय," भागवत म्हणाले.

"पण ती काळी किनार, आक्का?"

"असू द्या. तोंड दिसू द्या."

मी ४:३ वर गेलो आणि बटण दाबलं. आधी हनुवटी खाली सरकली. मग नाक, डोळे, कपाळावरचं कुंकू, आणि तिच्या डोक्यावर थोडं तोरणसुद्धा. मी थाळीला फूटपट्टी लावली. उभी मोजली, आडवी मोजली. गोल. मग मी थांबवलेली फिल्म चालू केली आणि खुर्चीत बसलो.

"आता कोनी कायबी दाबायचं न्हाई," आक्का म्हणाल्या आणि रिमोट स्वतःच्या मांडीखाली ठेवला.

फिल्म आता न अडता पुढे गेली. सनई थांबली. शूटिंगवाल्याने काहीतरी विचारलं असावं, कारण पुष्पाने पदर सारखा केला, सरळ कॅमेऱ्याकडे पाहिलं आणि बोलायला तोंड उघडलं. आक्का पुढे सरकल्या. सूर्यभानसुद्धा सावरून बसले.

आणि एक पांढरा सदरा मधे आला. पाठमोरा. तो माणूस बरोबर कॅमेऱ्यासमोर उभा राहिला आणि आचाऱ्याला हातवारे करून पंगत कशी बसवायची ते समजावू लागला. पडद्यावर त्याच्या पाठीशिवाय काही उरलं नाही. पाठ मी ओळखली. सगळ्यांनीच ओळखली.

आक्कांनी मांडीखालचा रिमोट काढून माझ्यापुढे धरला. "दाजी, ह्येला कुटलं बटन हाय?"

तेवढ्यात त्या पाठीमागून आवाज आला. वर्षभरात न ऐकलेला, अगदी स्वच्छ.

"अहो, सरका जरा. दिसत नाही."

हॉल हसायला लागला. आक्का तर पदर डोळ्यांना लावून हसत होत्या. मला वाटलं, पडद्यावरच्या माझ्या पाठीला हसताहेत. तसं नव्हतं. मी खुर्चीसकट हातभर बाजूला सरकलो होतो.