पंधरावं टेबल

सोमवारी सकाळी अर्ध्या डॉक्टरने आपल्या फाईलवरचं कार्ड पाहिलं. कार्डावर अकरा शिक्के पडले होते. आणखी चार पडले की फाईल तळघरातल्या यंत्रात जाणार आणि तिच्या चिंध्या होणार.

'अर्धा डॉक्टर' हे नाव सासऱ्यांनी ठेवलेलं. जावई पाच वर्षं विद्यापीठात पीएच.डी. करत होता. संदेशांच्या जाळ्यात आणि मालवाहतुकीत वस्तू पोचायच्या सोडून फिरत का राहतात, हा त्याचा विषय. सासऱ्यांचं पार्सलचं गोदाम होतं. त्यांच्या मते वस्तू फिरत राहते कारण कुणीतरी पत्ता नीट वाचत नाही, आणि एवढं शोधायला पाच वर्षं लागत नाहीत. शिष्यवृत्तीची मुदतवाढ शुक्रवारी पाचच्या आत मंजूर झाली नाही, तर पुढच्या सोमवारपासून जावयाने गोदामात बसायचं, असं घरात ठरलं होतं. त्यांनी खुर्चीसुद्धा आणून ठेवली होती.

यंत्राची कल्पना कुणा दुष्ट माणसाची नव्हती. ती त्याचीच होती. इंटरनेटवर संदेशाच्या प्रत्येक तुकड्याला एक आकडा चिकटवलेला असतो. प्रत्येक नाक्यावर तो एकने कमी होतो आणि शून्य झाला की तुकडा टाकून देतात, नाहीतर तो जन्मभर फिरत राहून जाळं तुंबवेल. दोन वर्षांपूर्वी त्याने हेच विद्यापीठाच्या फायलींना लावायचं सुचवलं. पंधरा टेबलं फिरूनही निर्णय झाला नाही, की फाईल नष्ट. तिथल्या बड्या साहेबांना कल्पना इतकी आवडली की आठवड्यात परिपत्रक निघालं. तेव्हापासून सगळे भराभर सह्या करू लागले आणि चौदाव्या टेबलापुढे एकही फाईल गेली नाही.

त्याची फाईल मात्र दोन टेबलांमध्ये अडकली होती. हिशेबवाल्या बाबूंना काम अपुरं असल्याची खात्री हवी होती, त्याशिवाय मुदतवाढ कशाची? प्रगती बघणाऱ्या बाईंना काम उत्तम चालल्याची खात्री हवी होती, त्याशिवाय मुदतवाढ कशाला? दोघं एकमेकांचं मत मागवत होते. दोघांची टेबलं एकाच खोलीत, पाठीला पाठ लावून होती. पण फाईल नियमाप्रमाणे तळमजल्यावरच्या आवक-जावकला जायची, तिथे एक शिक्का खायची आणि मग वर यायची.

"मग तू ती उचलून या टेबलावरून त्या टेबलावर ठेव ना," बायको म्हणाली.

"अगं, असं कुणीही उचलून ठेवायला लागलं तर जाळं कशाला हवं?"

"मला जाळं नकोच आहे. तुझा पगार हवाय."

मंगळवारी तो आवक-जावकच्या शिपायाकडे गेला. बारावा शिक्का नुकताच पडला होता.

"मामा, पुढच्या खेपेला एवढी फाईल थेट त्या टेबलावरून या टेबलावर नेऊन द्या ना. इथे न टेकवता."

"नाही जमणार. वाटेत टेबलाला टेकवल्याशिवाय फाईल नेली तर मेमो मिळतो. परिपत्रक आहे." मामांनी चष्मा पुसला. "तुमचंच आहे ते. छान लिहिलंय."

रात्रभर विचार करून त्याने आपल्या डोक्याला शोभेल असा मार्ग काढला. आपल्या फाईलला पंधराच्या मर्यादेतून सूट द्यावी, असा चार पानी अर्ज त्याने लिहिला. सोबत आलेख जोडला. बुधवारी तो धापा टाकत खोलीत शिरला, तेव्हा तेरावा शिक्का मारून बाईंनी पेनाचं टोपण काढलं होतं.

"या, तुमचंच काम करतेय," बाई म्हणाल्या. "म्हटलं, किती दिवस अडवायची, देऊ सही करून. हातात काय आहे?"

"मर्यादेतून सूट मिळावी म्हणून अर्ज."

बाईंनी अर्ज वाचला, आलेख उलटासुलटा करून पाहिला आणि पेनाला टोपण लावलं. "हा नवा मुद्दा झाला. आता त्यांचं मत घ्यायला हवं."

"बाई, अर्ज मागे घेतो."

"मागे घ्यायचा तर मागे घेण्याचा अर्ज लागेल. तोही मतासाठी जाईल."

पाठीमागे हिशेबवाले बाबू बसले होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. "पाठवा, पाठवा," ते मान न वळवता म्हणाले. "आली की बघतो."

गुरुवारी तळमजल्यावर चौदावा शिक्का पडला. शुक्रवारी दुपारी फाईल वर आली. बाबूंनी पंधरावा शिक्का मारला आणि मोठ्या दुःखाने हात मागे घेतला.

"मी सही करणारच होतो हो. पण पंधरावा पडल्यावर फाईल उघडायची नाही, असं तुम्हीच लिहिलंय."

तळघरातला यंत्रवाला फाईल पाहून हरखला. दोन वर्षं तो यंत्र पुसून, झाकून ठेवत आला होता. "पहिलीच फाईल," तो म्हणाला. "कुणाची आहे?" अर्ध्या डॉक्टरने फाईलवरच्या आपल्या नावावर बोट ठेवलं. पाच वर्षांची आशा अकरा सेकंदांत बारीक झाली.

पावणेपाचला मार्गदर्शक सरांचा फोन आला. सर आनंदात होते.

"अभिनंदन. तुझ्या प्रबंधात एकच उणीव होती, यंत्रापर्यंत फाईल पोचते याचा पुरावा नव्हता. आज मिळाला. साहेब खूष आहेत. संशोधन पूर्ण झालं, पदवी नक्की."

"आणि मुदतवाढ, सर?"

"पूर्ण झालेल्या कामाला मुदतवाढ कशी मागणार?"

सोमवारी नऊ वाजता पूर्ण डॉक्टर गोदामातल्या खुर्चीवर बसला. महिन्याभराने पदवी घ्यायला बोलावणं आलं. त्याने अर्ध्या दिवसाच्या रजेचा अर्ज लिहिला आणि सवयीने विचारलं, "बाबा, कुणामार्फत पाठवू?"

सासऱ्यांनी त्याच्या हातातून कागद घेतला, सही केली आणि परत दिला.

"जावईबापू, इथे टेबल एकच आहे."

त्याने कागद उलटून पाहिला. मागे शिक्का नव्हता, कार्ड नव्हतं. त्याचा प्रबंध तीनशे बारा पानांचा होता. त्यात हे कुठेच आलं नव्हतं.