म्हाळबास पोट आले त्याची हकीकत

श्रीगजाननासी दंडवत, शारदेसी दंडवत, आणि छापखान्याचे शाईसही दंडवत, की तिजविण हे वर्तमान उमटतेच ना. शके अठराशे पंच्याऐंशी, शोभननाम संवत्सरी एका राज्यात अखबार निघत असे, त्याचे पदरी दादोपंत चितारी होते. एके दिवशी जाहिरात आली नाही, पानात चार बोटे जागा रिकामी राहिली, आणि धन्यांनी आज्ञा केली की काहीतरी काढून भरावी. मग पंतांनी तीन चौकटी आखून म्हाळबा नामे काटकुळा कारकून काढिला. पंतांस घरी कुटुंबाने झापिले की दुसरे दिवशी म्हाळबाही झापिला जाई. रयत बहुत हसली आणि अखबार मागील पानापासून वाचू लागली.

मग धनी खूष होऊन, म्हाळबा यापुढे धन्यांचा, ऐशा कागदावर पंतांची सही घेते जाहले, आणि म्हाळबाच्या छत्र्या निघाल्या, साबण निघाले, आणि बिस्किटांचा डबा रुंद, त्यावर काटकुळा मनुष्य शोभेना, म्हणोन म्हाळबास पोट दिले. पंत म्हणाले, "पण हा तर अर्धपोटी कारकून!" धनी म्हणाले, "पंत, अर्धपोटी माणसाचे बिस्किट कोण घेतो?" मग सात चितारी नेमिले, एक पोट काढी, एक टोपी काढी, आणि चित्रे सहा मास आधी तयार होऊ लागली. पंत वैशाखात दिवाळी काढीत, सबब एके सकाळी पाटावर बसून म्हणाले, "उटणे आणा." त्यांचे कुटुंब सगुणाबाई म्हणाल्या, "अहो, वैशाख चाललाय! डोकं ठिकाणावर आहे ना?" पंतांनी बाहेरचे ऊन पाहिले, तरी खात्री पटेना. हाच प्रसंग चौकटीत घातला, तो धन्यांचा निरोप आला की म्हाळबास आता कुटुंब नाही, साबणवाल्यांस तो ब्रह्मचारी हवा. आपलाच म्हाळबा, आणि त्यास आपल्याच घरचे चालेना, हे काय जाहले ते पंतांस उमजेना, आणि ते मनी फार भ्याले.

मग एके दिवशी नात बकुळ पाटी घेऊन आली, "आजोबा, म्हाळबा काढून द्या ना!" पंतांस भरून आले. त्यांनी पहिला, काटकुळा म्हाळबा काढिला. पोर म्हणाली, "हा कोण? हा म्हाळबा नाहीये. तुम्हाला येत नाही का?" आणि आपले शाळेचे दप्तर पुढे केले, त्यावर पोटवाला छापिला होता. पंतांनी पाटी पुसली, दप्तर मांडीवर घेतले, आणि त्यात पाहून पाहून पोट काढू लागले.

येणेप्रमाणे म्हाळबाचा अंमल घरोघर बसला, आणि शेवटी पंतांचे घरीही बसला. जैसे घडले तैसे लिहिले.