तीन प्रश्नचिन्हांचा केक

बायकोच्या जुन्या फोनमधली नावं नव्या फोनमध्ये घालायचं काम कोपऱ्यावरच्या मोबाइलवाल्यानं चहा पिता पिता करून दिलं असतं. पण घरात प्रोग्रामर नवरा असताना बायकोनं दुकानात जायचं, ही कल्पनाच नवरोबांना सहन होईना. (ऑफिसात त्यांच्या प्रोग्रामला कुणी हात लावू धजत नसे, हा भाग वेगळा.)

"अगं, कॉम्प्युटरला अक्षरं कळत नाहीत, आकडे कळतात," ते बाह्या सरसावून म्हणाले. "जुन्या फोनचे आकडे वेगळे, नव्याचे वेगळे. माझा प्रोग्राम या आकड्यांचे ते आकडे करतो. झालं!"

"नीट करा हो. संध्याकाळी तीन केक द्यायचेत. कुणाला कुठला, ते मी नावापुढंच लिहून ठेवलंय."

बायको घरी केक करून विकायची, आणि आजवर तिचा एकही केक चुकीच्या घरी गेला नव्हता.

प्रोग्राम चालला. नावं आली. पण कीबोर्डवरून मांजर चालत गेल्यासारखी! जुन्या फोनमध्ये मुळात नवेच आकडे होते, आणि नवरोबांनी ते पुन्हा एकदा नवे केले होते. शिवाय उत्साहाच्या भरात जुना फोन आधीच पुसून चकाचक केलेला.

तेवढ्यात बायकोचा नवा फोन वाजला. पडद्यावर नावाच्या जागी तेच मांजर. बायको ओव्हनपाशी अडकलेली. एक केक नव्या बाळाचा आहे एवढं नवरोबांना आठवत होतं, त्यांनी तोच अंदाज ठोकला.

"ओळखलं, ओळखलं! अभिनंदन! मुलगा की मुलगी?"

पलीकडून आवाज आला, "जावईबापू, मला? या वयात?"

"सासूबाई! नाही, म्हणजे, तो केक..."

"मी खरं तर तुमच्यासाठीच फोन केला होता. पण राहू दे. आधी डॉक्टरांना दाखवून या."

बायको रागावली नाही. नुसती घड्याळाकडं बघत राहिली. ते बघून नवरोबांना वाटलं, तिचं इतक्या वर्षांचं नाव आज आपल्यामुळं जाणार! घाम पुसत त्यांनी तोच प्रोग्राम उलटा चालवला, आणि काय आश्चर्य, मांजर आल्या पावली परत गेलं. नावं दिसायला लागली. बाळाचा केक बाळाकडं गेला, निवृत्तीचा एका मॅनेजरकडं.

राहिला एक. यादीत त्याच्यापुढं होतं, "??? चॉकलेट".

"मेलो!" नवरोबा मटकन खाली बसले. "प्रश्नचिन्ह म्हणजे कॉम्प्युटरनं हात टेकले. ते नाव गेलं ते गेलं. कोण बिचारं वाट बघत असेल!"

"मग लावून बघा की फोन," बायको ओठ दाबत म्हणाली.

त्यांनी तिच्या फोनवरून लावला. लगेच त्यांच्या खिशातला फोन वाजला.

"थांब गं, तुझा फोन येतोय," समोरच उभ्या असलेल्या बायकोला सांगून त्यांनी तो उचलला. "हॅलो, नंतर कर, मी एका गिऱ्हाइकाला फोन लावतोय!"

दुसऱ्या कानात त्यांचाच आवाज ओरडला. बायको हसून हसून जमिनीवरच बसली.

"वाढदिवस आहे तुमचा! आई तेवढ्यासाठीच फोन करत होती."

नवरोबांना इतका आनंद झाला की केकचा पहिला घास घशाखाली उतरेपर्यंत त्यांना शंकाच आली नाही.

"पण माझं नाव कुठं गेलं?"

"कुठं नाही गेलं. लग्न झालं तेव्हा तुमच्या नंबरापुढं काय नाव लिहावं ते सुचेना, म्हणून तेवढंच लिहिलं. अजूनही सुचलेलं नाही."

नवरोबांनी हात धुऊन तपासलं. प्रश्नचिन्हाचा आकडा जुना काय नि नवा काय, एकच असतो. त्या सगळ्या उलथापालथीत जसंच्या तसं राहिलेलं तेवढं एकच नाव होतं.