एका डोळ्याची मासोळी

बसा, मुलांनो. गोष्ट सांगते. पण आधी माझ्या नवसाचं ऐका.

आमच्या ह्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं, तेव्हा मी लक्ष वाती बोलले. देवाच्या कृपेनं डोळा बरा झाला. मी वाती वळायला बसले. एकेक वात अशी उतरली की वन्सं म्हणाल्या, "वहिनी, या जाळायच्या? जीव कसा होतो तुमचा?"

झालं. वातींचा डबा फडताळात गेला. देवापुढे मी कापसाचा वेडावाकडा बोळा पिळून लावते. देव तेही गोड मानून घेतो. पण परवा डबा पुसताना मला ही गोष्ट आठवली.

एका जंगलात एक तळं होतं. तळ्याकाठी बगळोबा, त्यांची बगळीण आणि तीन पिल्लं राहत होती. बगळोबांचं वय झालं होतं. चोच मारेपर्यंत मासा पलीकडच्या काठाला पोचलेला असे. पिल्लं दिवसभर चोची उघडून बसत आणि तशीच झोपत.

एकदा बाभळीत अडकलेला एक गळ बगळोबांना सापडला. त्याला लांबलचक तंगूस, म्हणजे गळाची दोरीही होती. बगळोबांनी गळाला गांडूळ लावलं. बारीक चिंगळ्या मासळ्यांनी ते कुरतडून नेलं. दुसरं लावलं. तेही नेलं.

शेजारी सुगरण पक्षीण घरटं विणत होती. ती म्हणाली, "भावजी, मोठी मरळ हवी ना? मग खोटी मासोळी बांधा. पळणारं काही दिसलं की मरळ झडप घालते."

"मला कुठे गाठी येतात?"

"द्या इकडे."

तिनं गळ फांदीच्या बेचक्यात घट्ट बसवला. दांडीवर धागा गुंडाळला. पोटाला बगळोबांचंच पांढरं पीस बांधलं. पाठीला खारीच्या शेपटीचे केस लावले, तेही विरळ, म्हणजे पाण्यात हलतील. डोळ्याला लाखेनं गुंज चिकटवली. दुसरी गुंज घरंगळून उंदराच्या बिळात गेली.

"राहू दे एकच डोळा," सुगरण म्हणाली. "मरळ काही डोळे मोजत नाही. टाका पाण्यात."

बगळोबांनी मान वाकडी करून मासोळी पाहिली. "अशी? चारचौघं काय म्हणतील?"

"चारचौघांना कुठे गिळायचीय?"

पण बगळोबांना ते पटलं नाही. त्यांनी ती मासोळी बेचक्यातून काढली, झाडाच्या मुळाशी टाकली आणि दुसरा गळ शोधून आणला. गाठी आता पाहून पाहून आल्या होत्या. ते स्वतःच बांधायला बसले.

पहिले दोन दिवस पोट सरळ येईना. मग पाठीला मोराचं पीस लावलं. मग चतुराच्या पंखांचे तुकडे करून खवल्यावर खवला चिकटवला. दोन्ही गुंजा एका मापाच्या हव्यात म्हणून एक दिवस गुंजा निवडण्यात गेला. कोल्होबा बघायला आले आणि म्हणाले, "छान! फक्त शेपटी जरा झुपकेदार करा." तीही केली.

बगळीण म्हणाली, "अहो, चतुर्थी झाली, एकादशी झाली, प्रदोष झाला. आता हा कुठला उपवास?"

"अगं, कलेत घाई चालत नाही."

"कला राहू दे. धाकटीनं काल माझं पीस चोखलं."

अकराव्या दिवशी मासोळी पुरी झाली. कोल्होबांनी प्रदर्शन भरवलं. पळसाच्या पानावर मासोळी ठेवली. सगळं जंगल रांगेत आलं. बगळोबांना वडाच्या पानाची शाल मिळाली. कुणीतरी विचारलं, "पाण्यात कधी टाकणार?"

बगळोबा दचकले. "भिजेल ना!"

तळ्यात बातमी गेली. खुद्द मरळराव काठाला आले. चांगले हातभर लांब. त्यांनी पाण्याबाहेर तोंड काढलं आणि आ वासून बघत राहिले.

"वा! बगळोबा, मी जन्मभर मासोळ्या खाल्ल्या, पण अशी पाहिली नाही. एकदाच, अगदी एकदाच, तोंडात धरू का?"

"हात, तोंड, काही लावायचं नाही," बगळोबा म्हणाले. "लांबूनच बघा. हा खवला पाहिलात? चतुराचा आहे."

मरळराव चोचीपासून वीतभर अंतरावर होते. बगळोबांनी त्यांना चोचीनंच सगळे खवले दाखवले.

मरळराव परत फिरले, पण जीभ चाळवली होती. तोंडाला असं पाणी सुटलं होतं की तळ्यातलं पाणी कोणतं आणि तोंडातलं कोणतं ते त्यांना कळेना.

तिकडे बगळिणीनं झाडाच्या मुळाशी पडलेली एका डोळ्याची मासोळी उचलली. तिचा तंगूस मुळाला बांधला. देवाचं नाव घेतलं आणि मासोळी पाण्यात सोडून हळूहळू ओढली. विरळ केस हलले. पीस थरथरलं. मरळरावांनी काही पाहिलं नाही, काही मोजलं नाही. गपकन गिळली!

मूळ हललं, पण तुटलं नाही. मरळराव दमेपर्यंत सुगरण आणि बगळीण काठावर बसून राहिल्या.

संध्याकाळी बगळोबा शाल पांघरून घरी आले. पिल्लं ढेकर देत होती. बगळिणीनं त्यांच्यापुढे शेपटीकडचा तुकडा ठेवला. बगळोबांनी तो खाल्ला. मग काट्यांत पडलेली ती ओली, विस्कटलेली मासोळी पाहिली.

"पोट तिरकं आहे हिचं," ते म्हणाले. "पण बघ, मरळरावांची भूक मीच चाळवली."

"हो तर," बगळीण म्हणाली. "आणखी एक तुकडा देऊ?"

तात्पर्य: वस्तू अशी सुंदर करावी की ती वापरायची कुणाची छाती होऊ नये. मग शाल मिळते. जेवण मात्र घरात जे कुणी तिरकं पोट चालवून घेतं, त्याच्याकडून मिळतं. म्हणून असं एक माणूस घरात जरूर ठेवावं आणि श्रेय आपण घ्यावं.

हे झालं बगळोबांचं तात्पर्य. मी मात्र आज फडताळातला डबा काढला आणि पहिली वात लावली. बाई, काय उजेड पडला! ह्यांनी त्या उजेडात वर्तमानपत्र वाचलं, चष्म्याशिवाय. आता नव्व्याण्णव हजार नऊशे नव्व्याण्णव उरल्या. होतील.

तुमच्याही घरी असं काहीतरी जपून ठेवलेलं असेल, बाळांनो. पाहुण्यांचे कप असतील, नवी चादर असेल. आज एक काढा आणि वापरा. डाग पडला तर पडू द्या. बगळोबांना मात्र सांगू नका.